खाडीचे शिंपले, नदीचं पाणी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि समुद्र बघितलेलीही मीच पहिली. दोन्हींचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आईवडिलांनी आयुष्यभर पाणी पाहिलं ते कुरुंदवाडच्या घाटावरचं. कृष्णा आणि पंचगंगा जिथं भेटतात तिथलं. त्यापलीकडं पाणी असतं ते टीव्हीत, असं आई म्हणायची.

एम.एस्सी. झाल्यावर कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात मला दोन वर्षांचं काम मिळालं. कोकणातल्या तीन खाड्यांत फिरायचं, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर आणि चिखलात कोणते शिंपले, कोणत्या गोगलगायी राहतात ते मोजायचं, आणि त्यातले मूळचे आपले कोणते व बाहेरून आलेले कोणते याची यादी करायची. बाहेरून म्हणजे जहाजांच्या बुडाला चिकटून, जहाजाच्या पोटात भरलेल्या पाण्यातून, एका देशातून दुसऱ्या देशात. एकदा बंदरात उतरले की तिथून लहान होड्यांच्या बुडाला लागून खाडीखाडीत शिरतात.

गल्लीत हे कळल्यावर शेजारच्या काकू दारात उभ्या राहून आईला म्हणाल्या, "पोरगी साहेब हुनार म्हनत हुतीस. आन् ही तर शिपं मोजाय चाललीया की गं!"

आई म्हणाली, "मोजू दे की. तुज्या पोरीला शंभरापातूर येत्यात का?"

आई शेतमजूर. खुरपणीला जाते. तिला स्वतःला शंभरपर्यंत येतात की नाही, हे मी कधी विचारलं नाही. पण बोलण्यात ती हरलेली मी पाहिली नाही.

पहिल्या दिवशी खाडीवर मी सकाळी दहाला पोहोचले. ऑफिसची वेळ, म्हणून दहा. समोर नुसतं पाणी. खडक नाही, चिखल नाही. काठावर एक बाई बसून जाळं सांधत होती. माझ्या हातातली चौकट बघून ती हसायला लागली. चौकट माझ्या वडिलांनी ठिबकच्या पाइपची केलेली. ती खडकावर ठेवायची आणि आत येतील तेवढे शिंपले मोजायचे.

"आता कसला मोजतलंस? पाणी?" ती म्हणाली. "ओहोटी दुपारी तिनाक."

तिच्याशी ओळख झाली ती अशी. साठीच्या आसपासची, काळी, काटक. ओहोटीला त्या खडकांवरून शिनाणे काढायचे आणि बाजारात नेऊन विकायचे, हे तिचं काम. शिनाणे म्हणजे हिरव्या कवचाचे, बोटाएवढे लांब शिंपले, खडकाला धाग्यांनी धरून राहणारे. तिला मी मावशी म्हणू लागले. आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात, तसं माझ्याही तोंडून जायचं. मावशीला त्याची मोठी मजा. "चेडू असून जातो काय म्हणतंस गो?" चेडू म्हणजे पोरगी. हे ती दर वेळी विचारायची आणि दर वेळी तितकीच हसायची.

तिसऱ्या फेरीत माझ्या वहीत एक आकडा फार चांगला दिसू लागला. शिनाण्यांची पिल्लं. मोठे शिनाणे कमी, पण बोटाच्या पेराएवढी, काळपट-हिरवी पिल्लं चौकटीत मावत नव्हती. मी वहीत लिहिलं, मूळ शिंपल्यांची वाढ उत्तम. मावशीला मोठ्यानं वाचूनही दाखवलं. तिला बरं वाटावं म्हणून.

ती हसली नाही. वाकली, त्यातला एक ओरबाडून काढला, सुरीनं उघडला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"ही शिनाण्याची पोरां न्हय गो. ही आमची न्हय."

आतून तो जांभळा होता. मग तिनं खऱ्या शिनाण्याचं लहान पिल्लू शोधलं. त्याला बराच वेळ लागला. ते उघडून शेजारी ठेवलं. ते आतून पांढरं, निळसर झाक असलेलं. दोन्ही बाहेरून सारखेच दिसत होते, निदान मला. मी कोल्हापुरातून पदवी घेऊन आले होते, आणि दोन वर्षं त्या खडकावर बसून दुसऱ्याची पोरं आपली म्हणून मोजली असती.

"चार वर्सां झाली," ती म्हणाली. "पयली हयसर नुसते शिनाणे. आता ह्यांनी सगळी जागा धरल्यानी. शिनाण्याक बसाक खडप उराक नाय. कोणाक सांगलंय तर हसतत. म्हणतत, म्हातारे, तुझे डोळे गेले."

मग तिनं वहीकडं बोट केलं. "तू लिवतलंस मां?"

"लिहिते," मी म्हणाले. "मावशी, तुमच्या डोळ्यांदेखत लिहिते." आणि वाढ उत्तम हे खोडून तिच्यासमोर नवीन ओळ लिहिली.

पण नुसत्या लिहिण्याला कोणी विचारत नाही. आमच्या मॅडम, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या, पहिल्या दिवसापासून एक नियम सांगत आलेल्या. नमुना हातात असेल तरच नाव यादीत. नवीन काही सापडलं तर अर्धे शिंपले जागेवरच स्पिरिटमध्ये घालायचे, अर्धे जिवंत आणायचे. एक गेले तर दुसरे राहतात.

माझ्याकडं स्पिरिट नव्हतं. कोल्हापूरच्या स्टँडवर एस.टी.त चढताना कंडक्टरनं कॅन हुंगला आणि म्हणाला, "बाई, हे पेट घेतंय. हे खाली ठेवा, न्हायतर तुम्ही खाली ऱ्हावा." कॅन चहावाल्याकडं ठेवून मी आले होते. तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात स्पिरिट मिळालं असतं. मी गेले नाही. ओहोटी चुकेल असं स्वतःला सांगितलं. खरं तर कंटाळा केला.

चाळीसभर शिंपले खाडीच्या पाण्यासकट झाकणाच्या बादलीत घातले. सगळे जिवंत. शनिवार होता, लॅब सोमवारी उघडणार होती. बादली मांडीवर घेऊन घाट चढून कोल्हापूर, तिथून दुसऱ्या गाडीनं कुरुंदवाड. अहवाल पुढच्या शुक्रवारी जायचा होता. मावशीच्या खडकाबद्दल आजवर कुणी एक ओळ लिहिलेली नव्हती, आणि ती ओळ खरी ठरवणारं जे काही होतं, ते त्या बादलीत होतं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आईला म्हणाले, "ह्यात जीव हाय. सांभाळून." आणि जेवून आडवी झाले.

सकाळी दहाला जाग आली. बादली पालथी घातली होती, धुऊन, दारात, उन्हाला.

"आई, ह्यातलं कुठाय?"

"सोडून आलो," ती भाकरी थापता थापता म्हणाली.

"कुठं?"

"कुठं म्हंजे? नदीला. धुनं घिऊन गेलतो, तवाच नेलं. लई वास सुटलाता. समदी आ वासून पडलीती बिचारी. पानी पाजाय पायजे का नगं?"

मी तिथंच बसले. डोकं धरून.

"आई, ती खाऱ्या पाण्यातली हायत! मी तुला सांभाळ म्हणलं हुतं!"

"मग काय मारलं का मी? सांभाळलंच की!" तिनं भाकरी उलथली. "परवाच पुनव झाली. विहारात उभा ऱ्हाऊन पंचशील म्हनलीस न्हवं माझ्या बाजूला? पयलं काय हाय त्यात? जीव मारू ने. आन् दोन दिसानं तू बादलीभर जीव घरात आनून मारायलीस. शिकलीस म्हनून काय पाप लागत न्हाय व्हय?"

"आणि गेल्या आईतवारी मासं खाल्लंस ते?"

"खायाचं येगळं," आई ठामपणे म्हणाली. "बाटलीत भराय मारायचं येगळं."

मी तशीच उठून घाटाकडं धावले. मागून आई आली, हाताला भाकरीचं पीठ तसंच.

तिनं शिंपले पायरीशी ठेवले असते तर एका मिनिटात मिळाले असते. पण पोरं वेचून नेतील म्हणून कमरेएवढ्या पाण्यात जाऊन, मूठमूठ करून तिनं ते लांब फेकले होते. मन लावून केलेलं काम. मी अंगावरचा ड्रेस न बघता पाण्यात उतरले आणि पायानं चाचपू लागले. तळाला चिखल. काठाकाठानं जलपर्णी दाटलेली. घाटावर कपडे धुणाऱ्या एका बाईनं विचारलं, "काय पडलं गं? डूल का?"

"शिंपं," आई म्हणाली.

"आगं बया. आन् नदीत काय शिपं कमी हायत व्हय?"

आई काठावरून मला विचारत राहिली. एवढं काय झालं? चाळीस शिपं तर होती. तेव्हा मी कंबरभर पाण्यात उभं राहून तिला सगळं सांगितलं. मावशीचं सांगितलं. तिचं कुणी ऐकत नाही ते सांगितलं, माझा शब्द सांगितला. आणि हेही सांगितलं की माझं सगळं काम माणसं एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात कसा नेऊन सोडतात, आणि मग तो मूळच्यांची जागा कसा खातो, यावरच आहे. बहुतेकदा कुणी मुद्दाम सोडत नाही. पण कुणी दयेनंही सोडतं.

आईची नजर माझ्या पलीकडं, जलपर्णीवर गेली. निम्मा काठ त्या हिरव्या गालिच्यानं भरला होता. दरवर्षी यंत्र आणून काढतात आणि दरवर्षी ती पुन्हा येते.

"ही बी आशीच कुनी तरी सोडली आसंल," ती हळूच म्हणाली. "फुलं चांगली दिसत्यात म्हनून."

आणि लुगड्याचा ओचा खोचून ती पाण्यात उतरली.

मी हातानं शोधत होते, ती पायानं. तळव्याला लागलं की अंगठ्यानं उचलायची. लहानपणी नदीचे शिंपले तिनं असेच काढले होते. कैरी सोलायला, तान्ह्या पोराला दूध पाजायला. मलाही तिनं शिंपल्यानंच पाजलेलं. दुपारपर्यंत आम्हाला अकरा सापडले. बाकीचे धारेला गेले.

ते तिथं जगून वाढतील ही भीती मला रात्रंदिवस होती. मॅडमनी नंतर सांगितलं की हा शिंपला थोड्या गोड्या पाण्यात तगतो, पण निव्वळ नदीत टिकणार नाही. हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि आईला वाईट. "म्हंजे म्या मारलीच की," ती म्हणाली.

पण त्या दुपारी माझ्या डोक्यात फक्त अकरा होते. अकरा म्हणजे काही नाही असं नव्हे. लेबलं मी खाडीवरच पेन्सिलीनं लिहून ठेवलेली होती. खाडी, खडक, तारीख, भरती-ओहोटीची वेळ. नुसती बाटलीत सोडायची. ते खाडीचेच शिंपले होते, खोटं काय त्यात? घरात परातीत मी ते अकरा मांडले आणि लेबल हातात घेतलं.

आई शेजारी बसली होती. तिनं बोटानं एक बाजूला सारला.

"हे न्हवं."

"काय न्हवं?"

"हे तुजं न्हवं. हे आपल्या नदीचं हाय."

मी तो उघडला. आत जांभळं काही नाही, नुसती चकचकीत मोत्यासारखी पांढरी चमक. नदीचा शिंपला, वर्षभराचाही नसेल. मी पंचगंगेचा शिंपला खाडीचं लेबल लावून बाटलीत घालणार होते. तिकडं मावशी, इकडं आई. दोघींना पहिल्याच स्पर्शात कळलं, आणि मला दोन्ही वेळा सांगावं लागलं.

लेबल मी वहीत परत ठेवलं.

सोमवारी मॅडमसमोर उभी राहून सगळं सांगितलं. कंडक्टर, कंटाळा, बादली, पंचशील, अकरातले दहा. त्या कमी बोलतात. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"स्पिरिट तालुक्याच्या गावी का घेतलं नाहीस?"

"कंटाळा केला."

"मग आईवर रागवू नकोस."

"रागावले नाही," मी म्हणाले. हे निम्मंच खरं होतं.

"हे दहा मी घेणार नाही. नदीतून काढलेले आहेत. उद्या कुणी विचारलं तर मला नदी सांगावी लागेल." त्यांनी यादी ओढली, परक्या शिंपल्याच्या नावापुढं प्रश्नचिन्ह काढलं आणि बाजूला लिहिलं, नमुना नाही. "महिनाअखेरपर्यंत पुरवणी पान जोडता येतं. अमावास्येची ओहोटी कधी आहे ते बघ."

ते प्रश्नचिन्ह मी शुक्रवारी स्वतःच्या हातानं टाईप केलं. मावशीला फोन करायचा धीर झाला नाही. म्हातारे तुझे डोळे गेले, असं म्हणणाऱ्यांत आता माझंही एक प्रश्नचिन्ह होतं.

अमावास्येला आई म्हणाली, "मी बी येतो."

"तू कशाला?"

"म्या सोडलीती. म्याच आनून देतो."

या वेळी एस.टी. स्टँडवर कॅन नेलाच नाही. तालुक्याच्या गावी उतरल्यावर आधी औषधांचं दुकान गाठलं. आईनं पिशवीत भाकरी घेतल्या होत्या आणि का कुणास ठाऊक, खुरपं. समुद्र दिसल्यावर ती काय म्हणेल याची मी वाट बघत होते. ती बघत राहिली, मग म्हणाली, "एवढं पानी. आन् प्यायाला थेंब न्हाय. बिनकामाचं."

ओहोटी दुपारी होती. मावशी खडकावर होतीच. मी तिला घडलेलं सांगितलं, काही न लपवता. प्रश्नचिन्हाचंही सांगितलं. ती आईकडं बघून म्हणाली, "नदीत सोडलंस? दया इली?"

"व्हय."

"माका पण येता कधी कधी," मावशी म्हणाली. "पण पोट आसा."

मी चौकट ठेवली. मोजायला लागले. तेवढ्यात खर्र खर्र आवाज आला. आई उकिडवी बसली होती, शेतात बसते तशी, आणि खुरप्यानं खडकावरचे जांभळे शिंपले काढत सरळ ओळीनं पुढं सरकत होती. मधे शिनाण्याचं पिल्लू आलं की खुरपं वळवायची, त्याला धक्का लागू न देता. कुणी तिला शिकवलं नव्हतं. मावशीनं एकदाच दोन्ही उघडून दाखवले होते.

"आई, काय करालीस?"

"तन हाय गं हे," ती मान वर न करता म्हणाली. "पिकात तन. हे मला कळतंय."

मावशी हसली, आणि मग तीही सुरी घेऊन तिच्या शेजारच्या ओळीला बसली. दोघींची भाषा दोघींना निम्मी कळत होती. तरी बोलणं थांबत नव्हतं. किती पोरं, किती जगली, गुडघे कुठं दुखतात. मी वीस शिंपले मोजून बाटलीत घातले आणि स्पिरिटचं झाकण उघडलं. वास आल्याबरोबर आईनं पाठ फिरवली.

"तुजं हू दे. मी तिकडं बघतो."

मी ओतलं. लेबल आत सोडलं. मावशीनं बाटली हातात घेऊन लेबल उलटसुलट केलं. तिला वाचता येत नाही. "ह्यात आमची खाडी खय लिवलंस?" मी बोट ठेवून दाखवलं. तिनं काचेवरून तिथं अंगठा फिरवला.

खडकाचा एक तुकडा, जेमतेम चार चौकटी होतील एवढा, त्या दोघींनी स्वच्छ केला होता. बाजूला टोपलीभर जांभळ्या शिंपल्यांचा ढीग. आई त्याच्याकडं बघत राहिली. मला कळलं, ती त्यातले जीव मोजतेय.

"ही खात्यात का वो?" तिनं मावशीला विचारलं.

"खातत. शिनाण्याची चव नाय, पण खातत."

"मग झालं," आई म्हणाली आणि टोपली उचलली.

मावशीच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर ते उकडले. कोकम, मीठ, हिरवी मिरची. आईनं आमच्या भाकरीचा तुकडा मोडून पहिला घास घेतला, चावला, विचार केला. "आमच्या तांबड्या रश्श्यात टाकलं तर बरं लागंल," ती म्हणाली. मग दुसरा घास, तिसरा. टोपली संपवूनच उठली. एकही वाया घालवला नाही.

पुरवणी पान महिनाअखेरीला जोडलं गेलं. प्रश्नचिन्ह गेलं. मी मावशीला फोन करून सांगितलं की तिच्या खडकाचं आता कागदावर आलं, आणि नमुना बाटलीत घालून कोल्हापुरात कपाटात ठेवलाय. पलीकडं ती कुणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आली, "आयकलंस? माझे डोळे गेले नाय हत!"

आई अजून घाटावर जाते. धुणं झालं की पाण्यात दोन पायऱ्या उतरून तळव्यानं चाचपून बघते. घरी आल्यावर, मी विचारलं नसलं तरी, ती मला सांगते, "आपलीच हायत समदी."